ताकदीचा ताळेबंद

लासलगावच्या बाजार समितीत लिलाव पुकारला गेला की साऱ्या देशाचे कान इकडे लागतात. अर्थात, कांद्याच्या भावासाठी. कांद्याच्या या दबदब्यात एक गोष्ट झाकली जाते, ती अशी की याच आवारात सोयाबीन येते, हरभरा येतो, मका आणि गहूही येतो. सोयाबीनची बोली लागते, पोती ट्रकमध्ये चढतात आणि गिरणीकडे निघतात. तिथे तेल निघते. उरलेल्या पेंडीत दाण्यातली जवळजवळ सगळी प्रथिने शिल्लक असतात आणि त्या पेंडीतला मोठा वाटा कोंबड्यांच्या खाद्यात जातो. इकडे ज्या घरातून ते पोते बाजारात आले, त्याच घरातला विशीतला मुलगा संध्याकाळी दुकानातून एक भलामोठा प्लास्टिकचा डबा काखोटीला मारून घरी येतो. डब्यावर एका परदेशी पहिलवानाचे चित्र आणि खाली एकच शब्द ठळक अक्षरांत: ‘प्रोटीन’.

त्या मुलाला हसण्यात अर्थ नाही. शरीर कमवावेसे वाटणे ही चांगली गोष्ट आहे आणि आपल्याकडे ती नवीनही नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले, तेव्हापासून दूध, तूप, बदामाची थंडाई आणि मटण ही पहिलवानाच्या खुराकाची ख्याती महाराष्ट्रभर झाली. आजच्या पोराची तालीम म्हणजे ‘जिम’ आणि त्याचे मैदान बहुधा भरतीचे. पोलीस शिपाई व्हायचे तर उंची १६५ सेंटिमीटर हवी, छाती न फुगवता ७९ आणि फुगवून आणखी ५ सेंटिमीटर. मग १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. यात दंडाचा घेर कोठेही मोजत नाहीत. पण जिममधल्या आरशाला ते कोण सांगणार!

बँकेत उमर घालवलेल्या माणसाच्या हाती कोणतीही वस्तू आली की त्याला आधी तिचा ताळेबंद दिसतो. हा डबाही मला तसाच दिसतो. समजा, त्याची किंमत किलोला तीन हजार रुपये आहे आणि कांद्याला क्विंटलमागे बाराशेचा भाव मिळाला आहे. म्हणजे अडीच क्विंटल कांदा त्या एका डब्यात गेला. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या काळात कांद्याची निर्यात बंद होती. तेव्हा निफाड तालुक्यातल्या ज्या घरांनी पडलेल्या भावाने माल विकला, त्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. मग या पैशांतून पदरात नेमके काय पडते, एवढे तरी पाहायला हवे.

शरीर मागते किती?

स्नायू हे प्रथिनांनी बनतात, पण प्रथिने खाल्ली म्हणून बनत नाहीत. वजन उचलताना स्नायूंवर ताण पडतो, त्यांच्या तंतूंना बारीक इजाही होते. पुढचे दोन दिवस शरीर डागडुजी करते आणि असा ताण पुन्हा येईल या हिशेबाने पहिल्यापेक्षा थोडे जास्त बांधकाम करते. प्रथिने म्हणजे त्या बांधकामाच्या विटा. व्यायाम हा मुकादम आणि झोप ही कामाची पाळी. मुकादम आलाच नाही तर विटांचे नुसते ढीग पडतात. शरीर त्या जास्तीच्या विटा जाळून टाकते किंवा त्यांची चरबी करून ठेवते.

विटा लागतात किती? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ माणसासाठी दिलेले प्रमाण आहे वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम. म्हणजे साठ किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. वजने उचलणाऱ्याला अर्थातच जास्त लागतात. या विषयावरच्या ४९ चाचण्या एकत्र तपासणारा एक निबंध ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये २०१८ साली आला. त्यात निष्कर्ष असा निघाला की किलोमागे साधारण १.६ ग्रॅमनंतर जास्त खाऊन स्नायूंत विशेष भर पडत नाही. साठ किलोच्या पोराला हे झाले ९६ ग्रॅम. शंभर म्हणा.

आता स्वयंपाकघरात जाऊ. दिवसभराच्या भाकरी-पोळीचे पीठ ३०० ग्रॅम धरले तर बाजरी आणि गहू मिळून सुमारे ३२ ग्रॅम प्रथिने येतात. वरण आणि उसळ मिळून ६० ग्रॅम कोरडे कडधान्य, त्याचे १३-१४ ग्रॅम. अर्धा लिटर दुधाचे १६. दोन अंड्यांचे १२. मूठ-दीड मूठ, म्हणजे ५० ग्रॅम, शेंगदाण्यांचे १२. बेरीज ८५ च्या पुढे गेली. त्यात ३० ग्रॅम सोयाबीनचे १० ग्रॅम घाला की शंभराच्या दारात येऊन पोहोचलो. घर माळकरी असेल आणि अंडे चालत नसेल, तर तेवढे दूध, दही किंवा पनीर वाढवायचे. यात घरात मिळणार नाही असे काहीही नाही.

भाकरीतली प्रथिने हलक्या प्रतीची, अशी एक शंका हल्ली पोरांच्या तोंडी असते. ती अर्धी खरी आहे. बाजरी-गव्हात लायसिन नावाचे अमिनो आम्ल कमी पडते. कडधान्यांत ते भरपूर असते, पण तिथे मेथिओनिन तोकडे पडते. दोन्ही एका दिवसाच्या जेवणात आली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. भाकरी-उसळ आणि वरण-भात या जोड्या आपल्या आज्यांनी कोणत्याही प्रयोगशाळेवाचून जुळवल्या होत्या.

पंचवीस ग्रॅमची किंमत

कोणत्याही खुराकाची तुलना करायची असेल तर किलोचा भाव विसरावा आणि २५ ग्रॅम प्रथिने केवढ्याला पडली ते काढावे. तीन हजारांच्या डब्यात शंभराला ७५ ग्रॅम प्रथिने असतील तर २५ ग्रॅम पडतात १०० रुपयांना. दूध ५६ रुपये लिटर धरले तर ४४ रुपयांना, अंडे सात रुपयांचे धरले तर २९ रुपयांना. शेंगदाणे १४० रुपये किलोने घेतले तर १४ रुपयांना आणि नव्वद रुपयांची हरभरा डाळ ११ रुपयांना. भाव रोज बदलतात. वाचकांनी आपापल्या दुकानातले आकडे घालून पाहावेत, क्रम फारसा बदलणार नाही.

आणि सोयाबीन? २०२४-२५ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारभाव त्याच्याही खाली गेला होता. शंभर ग्रॅम दाण्यात ३६ ग्रॅम प्रथिने धरली तर हमीभावाने २५ ग्रॅम पडतात ३ रुपये ४० पैशांना! हे प्रथिन आपण साडेतीन रुपयांना विकतो आणि शंभर रुपयांचे विकत आणतो. मात्र सोयाबीन कच्चे खाऊ नये, त्यातले काही घटक प्रथिनांचे पचन अडवतात. रात्रभर भिजवून नीट शिजवावे, किंवा खरपूस भाजून दहा वाट्या गव्हात एक वाटी या मापाने दळून आणावे.

डबा घ्यायचाच असेल तर

डब्यातली पावडर म्हणजे विष, असे म्हणणे हाही अडाणीपणाच. ‘व्हे’ म्हणजे दूध फाडून चीज करताना उरणारी निवळी. लिटरभर निवळीत आठ-नऊ ग्रॅमच प्रथिने असतात. ती गाळून आणि वाळवून पावडर करतात. ती चांगल्या प्रतीची आणि पचायला सोपी असतात. ज्याला परगावी राहून खाणावळीत जेवावे लागते, त्याला ती सोयीची पडेल. पण तिला सोय म्हणावे, औषध म्हणू नये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आपल्या आहार-मार्गदर्शनात शरीर कमावण्यासाठी अशा पावडरी टाळाव्यात, असेच सांगितले आहे.

तरीही घ्यायचीच असेल तर कर्जाचे कागद वाचावेत तसा डबा वाचावा. चौदा आकडी अन्नसुरक्षा परवाना आहे का? शंभर ग्रॅममध्ये प्रथिने किती? घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते, तेव्हा पहिले नाव कोणाचे आहे? वजन वाढवणाऱ्या ‘मास गेनर’वर ते बहुधा माल्टोडेक्स्ट्रिनचे सापडेल. म्हणजे पिठुळ साखरेसारखाच पदार्थ. त्यापेक्षा केळी-दूध बरे.

यादीत ग्लायसिन किंवा टॉरिन वेगळे घातलेले दिसले तर सावध व्हावे. प्रथिने मोजण्याची जुनी रीत डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांची, १८८३ सालची. ती प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. म्हणून स्वस्त नायट्रोजन मिसळला की कागदावर प्रथिने फुगतात. चीनमध्ये २००८ साली पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळले गेले ते याच फटीतून, आणि त्या भेसळीत तान्ह्या मुलांचे जीव गेले. पास झालेली प्रत्येक तपासणी खरी नसते, हे बँकेतल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

बाकीच्या डब्यांबद्दल थोडक्यात. क्रिएटिनवर भरपूर अभ्यास झाला आहे. निरोगी प्रौढाला रोज ३ ते ५ ग्रॅमने जोर थोडा वाढतो, सुरुवातीचे वाढलेले वजन बरेचसे पाण्याचे असते. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. रक्त तपासताना क्रिएटिनिन थोडे वाढलेले दिसू शकते, तेव्हा डॉक्टरांना आधी सांगावे. आणि दिवसाची प्रथिने पुरी होत असतील तर ‘बीसीएए’ नावाची रंगीत पाण्याची पूड घेण्याचे कारण उरत नाही.

खरा धोका

खरी भीती आहे ती बिनलेबलाच्या पुडीची. ‘ही घे, महिन्यात फरक दिसेल,’ असे म्हणून जी पुडी, गोळी किंवा सुई हातात येते, तिच्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असते. फरक दिसतोही, तिथेच घात होतो. मेथँडिएनोनसारख्या गोळीने यकृतावर ताण येतो, रक्तातली चरबी बिघडते, हृदयाला धोका वाढतो. शरीर स्वतःचे पुरुषी संप्रेरक बनवणे थांबवते. वृषणे आक्रसतात, पुढे मूल होण्यात अडचण येते. वाढत्या वयातल्या मुलाच्या हाडांची टोके लवकर सांधली जाऊन उंची तिथेच थांबू शकते. भरतीसाठी १६५ सेंटिमीटर गाठू पाहणाऱ्या पोराने हे वाक्य दोनदा वाचावे.

नरसिंग यादव हे नाव महाराष्ट्र विसरलेला नाही. २०११, २०१२ आणि २०१३ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला हा मल्ल २०१६ च्या रिओ ऑलिंपिकसाठी निवडला गेला आणि जुलैत त्याच्या नमुन्यात हेच मेथँडिएनोन सापडले. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी ते मिसळले, असे त्याचे म्हणणे होते. देशातल्या यंत्रणेने ते मानले. पण ऐन ऑलिंपिकमध्ये, कुस्तीच्या आदल्या दिवशी, आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ते अमान्य करून चार वर्षांची बंदी घातली. खेळाच्या कायद्यात तुमच्या शरीरात जे सापडेल त्याला तुम्ही जबाबदार. नामांकित मल्लाची ही गत झाली, तर जिममधल्या उघड्या पुडीवर विसंबणाऱ्याने काय म्हणावे?

आणि ताकद म्हणजे आकार हा समज कोणाचा असेल तर खाशाबा जाधवांकडे पाहावे. १९५२ साली हेलसिंकीला स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक जिंकणारा हा गोळेश्वरचा मल्ल लढला तो ५७ किलोच्या गटात. त्याच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवले. माझ्या माहितीत तारणावर घेतलेल्या कर्जाचा याहून चांगला विनियोग नाही.

आपल्या घरचे कर्ज मात्र वेगळ्याच नावावर चढते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे ज्या घरात डबा येतो, त्याच घरात उन्हात कांदा काढणारी आई आणि शाळेत पायी जाणारी बहीण अशक्त असण्याची शक्यता बरीच मोठी. डबा एकट्याचा असतो. त्यातला चमचा दुसऱ्या कोणाला मिळत नाही. त्याच तीन हजारांत महिनाभर डाळ, शेंगदाणे, दूध आणि जमत असेल तर अंडी आणली, तर पोराचे शंभर ग्रॅम भरूनही ताटे उरतात. पुढच्या वेळी सोयाबीनची पोती बाजारात निघतील तेव्हा एक पोते घरी मागे ठेवावे. दळणात ते गेले की भाकरी साऱ्या घराची भारी होईल.