पगारातून जाणारे ९० रुपये

सूतगिरणीत कापसाची धूळ, यंत्रमागावर दिवसभर खडखडाट. सोलापुरातल्या अनेक घरांची चूल यावरच पेटते. सुट्टीनंतर कामावर गेले की पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो. कापसाच्या धुळीने होणाऱ्या या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. आपण मात्र मेडिकलमधून खोकल्याची बाटली आणतो आणि दुखणे अंगावर काढतो. कारण एकच : खाडा पडला तर पगार जाईल.

या भीतीवर कायद्यात उपाय आहे, तो म्हणजे कर्मचारी राज्य विमा अर्थात ई.एस.आय. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, मार्च १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम देण्यात आले. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि १९४८ मध्ये कायदा झाला.

१० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना हा विमा लागू होतो. कामगाराची वर्गणी पाऊण टक्का, मालकाची सव्वातीन टक्के. म्हणजे १२,००० रुपये पगारावर आपले ९० रुपये आणि मालकाचे ३९० रुपये.

त्यातून काय मिळते?

• स्वतःवर आणि अवलंबून असलेल्या कुटुंबीयांवर उपचार.
• आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन. त्यासाठी आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी.
• क्षयरोग, कर्करोग अशा लांबणाऱ्या आजारांत, अटी पूर्ण असल्यास, अधिक काळ ८० टक्के वेतन.
• पहिल्या दोन बाळंतपणांत २६ आठवडे पूर्ण वेतन.
• कामावर अपघात झाल्यास ९० टक्के वेतन. इथे वर्गणीच्या दिवसांची अट नाही. कामाचा पहिला दिवस असला तरी हक्क आहे.

बिसिनोसिस आणि यंत्रांच्या आवाजाने येणारा बहिरेपणा हे कायद्याच्या यादीतले व्यवसायजन्य आजार आहेत. म्हणून डॉक्टरांना आपण काय काम करतो आणि किती वर्षे करतो, ते आवर्जून सांगा.

आज एवढे करा. पगारचिठ्ठीवर वर्गणी कापलेली आहे का ते पाहा. विमा क्रमांक मागून घ्या. पती-पत्नी, मुले, आई-वडील यांची नावे कार्डावर चढली आहेत का ते तपासा. अपघात झाला तर त्याच दिवशी नोंदवहीत नोंद करायला लावा. आजारपणाचा दाखला विमा दवाखान्यातूनच घ्या.

घरी विड्या वळणाऱ्या आयाबहिणींना हा विमा सहसा लागू होत नाही. त्यांनी विडी कामगाराचे ओळखपत्र काढून कामगार कल्याण खात्याच्या दवाखान्यात तपासणी करून घ्यावी.

कार्ड कपाटात ठेवून आजार बरा होत नाही. हा कुणाचा उपकार नाही; आपल्याच घामाच्या पैशातून उभा राहिलेला हक्क आहे. तो वापरा, आणि शेजारच्या मागावरच्या सोबत्यालाही सांगा.