एकेचाळिसावा

ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या आधी, मे महिन्यात, एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमध्ये जाऊ पाहणारी पोरं शिकागोच्या कॉम्बाइन नावाच्या चाचणीत अनवाणी उभी राहतात. आधी उंची. मग दोन्ही हात पसरून वाव. मग टाचा न उचलता, हात ताणून पोहोच. उडीसाठी एक उभा खांब असतो. त्याला प्लॅस्टिकच्या पट्ट्या, एकीवर एक, अर्ध्या-अर्ध्या इंचावर. पोरगा उसळतो आणि पंजाने पट्ट्या फटकारतो. सर्वांत वरची जी फिरली, तिथवर त्याची झेप. आकडा टिपला जातो, पुढचा पोरगा येतो.

2007 मध्ये टेक्सस विद्यापीठाच्या केव्हिन ड्युरंटला 185 पौंडांचा, म्हणजे साधारण 84 किलोंचा बार एकदाही छातीवरून वर ढकलता आला नाही. लोक हसले. तरी सिएटलने त्याला दुसऱ्या क्रमांकावर उचललं, कारण कॉलेजात तो काय खेळतो हे साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिलं होतं. त्याच्या आधी निवडला गेलेला धिप्पाड ग्रेग ओडन गुडघ्यांच्या दुखण्यापायी एनबीएत जेमतेम 105 सामने खेळला.

पंचाईत होते ती फारसं कुणी न पाहिलेल्या पोराची.

2014 मध्ये सर्बियातल्या सोंबोरचा निकोला योकिच 19 वर्षांचा होता आणि मेगा क्लबकडून अ‍ॅड्रियाटिक लीग खेळत होता. उंची 6 फूट 11 इंच, पण अंग थुलथुलीत, उडी बेताची, धावणं संथ. दिवसाला तीनेक लिटर कोका-कोला प्यायचा, हे पुढे त्यानेच सांगितलं. मोसमाची सरासरी 11 गुण, 6 रीबाउंड, 2 असिस्ट. एवढ्यावर कोण भाळणार?

स्काउटचं, म्हणजे संघासाठी खेळाडू हेरणाऱ्याचं, खरं काम इथे सुरू होतं. चित्रफीत थांबवत, मागे नेत, पुन्हा बघत. प्रेक्षकाची नजर चेंडूमागे धावते. स्काउट बघतो, चेंडू हातात येण्याआधी पोराचे डोळे कुठे आहेत. योकिचसारखा सेंटर बास्केटकडे पाठ करून उभा असतो. पास त्याच्यापर्यंत पोचण्याआधीच त्याची मान एकदा वळून आलेली असते. कोपऱ्यातला सोबती अजून पुरता सुटलेलाही नसतो, तोवर चेंडू तिकडे निघालेला असतो. ही जाण पट्ट्यांच्या खांबावर दिसत नाही. असिस्टच्या रकान्यातही दिसेलच असं नाही, कारण सोबत्याने शॉट चुकवला की सुंदर पासही कागदावरून गायब!

डेन्व्हर नगेट्सचे तेव्हाचे सहायक जनरल मॅनेजर आर्तुरास कार्निशोवास यांची या पोरावर नजर होती. तरी डेन्व्हरनेही घाई केली नाही. हातातला 11वा क्रमांक शिकागोला देऊन त्यांनी 16वा आणि 19वा घेतला, आणि 16व्यावर मिळवला युसुफ नुर्किच. तोही सेंटरच, तोही अ‍ॅड्रियाटिक लीगमधलाच, फक्त अंगापिंडाने भक्कम. योकिचची पाळी आली ती दुसऱ्या फेरीत, 41व्या क्रमांकावर.

यात व्यवहार होता. पहिल्या फेरीत निवडलेल्याला पगाराची हमी द्यावी लागते, दुसऱ्या फेरीत तशी सक्ती नाही. शिवाय परदेशी पोराला आणखी वर्षभर त्याच्याच क्लबात राहू देता येतं. हक्क आपल्याकडे, पगार त्यांच्याकडे. योकिचही 2015 पर्यंत सर्बियातच राहिला आणि त्या मोसमात अ‍ॅड्रियाटिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मागे राहिलेला प्रत्येक पोरगा असा दडलेला हिरा नसतो. 2015 मध्ये डॅलसने 52व्या क्रमांकावर पंजाबातल्या बल्लो के गावच्या सतनाम सिंगला घेतलं. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला, भारतात जन्मलेला तो पहिला खेळाडू. 7 फूट 2 इंच उंची कुणाच्याही डोळ्यांत भरणारी होती, पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही.

योकिच मात्र 2021, 2022 आणि 2024 मध्ये एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला; 2023 मध्ये त्याने डेन्व्हरला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. एकेकाळी सरासरी 2 असिस्ट देणारा हा सेंटर 2024-25 च्या मोसमात सामन्यागणिक 10 देत होता.

ड्राफ्टच्या रात्री त्याचं नाव जाहीर झालं, तेव्हा अमेरिकन टीव्हीवर टॅको बेलची जाहिरात चालू होती; नाव पडद्याच्या तळाशी झळकलं, तेवढंच. सोंबोरला पहाट होत होती. मोठ्या भावाने फोन केला, तेव्हा योकिच झोपेत होता.