जुन्या बुलेटला रुंद टायर बसवताना

घरात जुनी मोटारसायकल असली की तिच्याविषयी प्रत्येकाचे मत वेगळे असते. वडिलांना ती होती तशीच हवी असते. आईला वाटते, विकून टाकली तर जिन्याखालची जागा तरी मोकळी होईल. आणि मुलाला तिचा मागचा टायर बारीक दिसतो. हे शेवटचे दुखणे अलीकडे फार वाढले आहे. हल्लीच्या मोटारसायकलींचे मागचे टायर इतके जाडजूड असतात, की त्यांच्या शेजारी जुनी बुलेट उभी केली तर ती पैलवानाने मुलाच्या चपला घातल्यासारखी दिसते. मग कुणीतरी मित्र सल्ला देतो, ‘‘मागे चारचा टायर टाक, बघ कशी उठून दिसते!’’ दुकानदार तयार असतो, पंक्चरवालाही तयार असतो आणि तासाभरात काम उरकते.

अडचणी सुरू होतात त्या दुसऱ्या दिवसापासून. खड्ड्यात चाक आपटले की मागून ‘खर्र’ असा आवाज येतो. डबल स्टँडवर गाडी घेतली तरी मागचे चाक जमिनीला टेकलेलेच राहते. वळणावर गाडी पूर्वीसारखी सहज कलत नाही. टायर तर फक्त थोडा रुंद घेतला होता, मग एवढे सगळे का बिघडले?

याचे उत्तर टायरवर छापलेल्या आकड्यांतच आहे. १९५५ मध्ये मद्रासला एन्फील्ड इंडिया कंपनी स्थापन झाली आणि तिथल्या तिरुवोत्तियूरच्या कारखान्यातून ३५० सीसीची बुलेट देशभर जाऊ लागली. पुढे कित्येक वर्षे या गाडीच्या दोन्ही चाकांना ३.२५-१९ या मापाचे टायर असत. यातला पहिला आकडा टायरच्या रुंदीचा आणि दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. या जुन्या मापांत एक गोम आहे. टायरची उंची त्याच्या रुंदीइतकीच धरलेली असते. त्यामुळे टायर रुंद घेतला की तो आपोआप उंचही होतो. ३.२५चे चाक वरपासून खालपर्यंत सुमारे साडेपंचवीस इंच भरते, ३.५०चे सव्वीस आणि ४.००चे सत्तावीस इंच. म्हणजे ‘चारचा टायर’ टाकला की गाडीची मागची बाजू पाऊण इंचाने वर उचलली जाते.

पाऊण इंच ऐकायला काहीच वाटत नाही. पण मागून उंच झालेली गाडी पुढे झुकते, पुढच्या फोर्कचा कोन बदलतो आणि हँडलची सवयीची पकड हरवते. साइड स्टँड आखूड पडतो, त्यामुळे गाडी नको तेवढी कलून उभी राहते. चाकाचा घेर सुमारे सहा टक्क्यांनी वाढल्यामुळे गिअर जड झाल्यासारखे वाटतात. घाटात जिथे पूर्वी तिसरा पुरत असे, तिथे दुसरा टाकावा लागतो. ज्या जुन्या गाड्यांत मीटरची केबल मागच्या चाकाकडून येते, त्यांचा काटा खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखवू लागतो. अशा वेळी मीटरवर भरवसा ठेवणारा माणूस नकळत अधिक वेगाने जात असतो.

पकड खरेच वाढते का?

रुंद टायर म्हणजे रस्त्यावर दुप्पट पकड, ही समजूत फार पक्की आहे. ती पुरती खरी नाही. टायरचा रस्त्याला टेकणारा भाग किती मोठा असेल, हे मुख्यत्वे त्यावरचे वजन आणि आतली हवा यांवर ठरते. मागच्या चाकावर दोन माणसांसह २०० किलो भार आहे आणि हवा ३० आहे असे धरा. मग रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम ९५ चौरस सेंटिमीटर येतो, म्हणजे माणसाच्या तळहातापेक्षा थोडाच मोठा. हवा तेवढीच ठेवून टायर रुंद केला, तर या भागाचा आकार बदलतो. तो आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो. क्षेत्रफळात मात्र फारसा फरक पडत नाही. पाणी साचलेल्या रस्त्यावर तर रुंद टायरला खालचे पाणी बाजूला सारायला अधिक कष्ट पडतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे ध्यानात ठेवलेले बरे.

त्यातून टायर बदलला आणि रिम तीच ठेवली, तर वेगळाच घोळ होतो. जुन्या बुलेटची रिम टायर बसतो त्या जागी जेमतेम १.८५ इंच रुंद असते. तिच्यात फार रुंद टायर कोंबला की त्याच्या कडा आत दाबल्या जातात आणि माथा फुगून टोकदार होतो. मग टायर दिसतो जाड, पण टेकतो मधल्या पट्टीवरच. बाजूच्या भिंतींना आधार न मिळाल्याने वेगात गाडीची मागची बाजू डुलते. पैसे जास्त मोजून पकड कमी मिळवण्याचा याहून सोपा मार्ग नसेल!

जाणकार मिस्त्री यावर दुसरा उपाय सुचवतात. १९ इंची रिम काढून १८ इंची रुंद रिम बांधायची आणि तिच्यावर १२०/८०-१८ या नव्या पद्धतीच्या मापाचा टायर चढवायचा. इथे १२० ही मिलिमीटरमधली रुंदी आणि ८० म्हणजे उंची रुंदीच्या ८० टक्के, अर्थात ९६ मिलिमीटर. रिमचा व्यास ४५७ मिलिमीटर, त्यात वरची आणि खालची उंची मिळवली की चाक ६४९ मिलिमीटर होते. जुने ३.२५-१९चे चाक ६४८चे! हिशेब इतका चपखल बसतो, की अनेकांना इथेच मोह होतो. गाडी उंच होत नाही, गिअर बदलत नाहीत, मीटर चुकत नाही. २०२१च्या नव्या क्लासिक ३५०ला कंपनीने मागे हेच माप दिले.

पण उंची जुळली म्हणजे रुंदी जुळली असे नाही. कंपनीने हे माप दिले ते त्यासाठी आखलेल्या नव्या चासीवर. जुन्या बुलेटच्या मागच्या दोन दांड्यांमधली जागा ८३ मिलिमीटरच्या टायरसाठी ठेवलेली आहे. १२०चा टायर प्रत्येक बाजूला आणखी १८ मिलिमीटर मागतो, आणि डाव्या बाजूला तर चेन आहे. मग काही गॅरेजांत चाक बांधताना स्पोक ओढून रिम एका अंगाला सरकवतात. टायर चेनला घासत नाही हे खरे, पण पुढचे आणि मागचे चाक एका रेषेत राहत नाही आणि गाडी सतत एका बाजूला ओढते. दांडी आतून घासून जागा करणारेही आहेत. त्यांच्या गॅरेजात गाडी न नेलेलीच बरी. ज्या नळीवर मागच्या सगळ्या गाडीचा भार आहे, ती पातळ करणे हा निव्वळ आत्मघात आहे.

मागे बसणाऱ्यांचे काय?

टायरच्या चर्चेत मागच्या सीटवरच्या माणसाला कुणी विचारत नाही. खरे तर सगळ्यात मोठा धोका त्यालाच, किंबहुना तिलाच असतो. जागा होत नाही म्हणून सर्वांत आधी काढून फेकला जातो तो साडीगार्ड. ‘जुनाट दिसतो’ हे आणखी एक कारण! केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३व्या नियमाप्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी हाताने धरायला मूठ, पाय ठेवायला जागा आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण असलेच पाहिजे. पदर किंवा ओढणी स्पोकमध्ये गेली की गाडी थांबेपर्यंत गळ्याला फास बसतो. टायर रुंद झाला की कापड आणि चाक यांतले अंतर आणखी कमी होते. ज्या टायरसाठी साडीगार्ड काढावा लागतो, तो टायर कुटुंबाच्या गाडीला लावू नये.

मडगार्डचेही तसेच. दुकानात गाडी रिकामी उभी असते, तेव्हा टायर आणि मडगार्ड यांत भरपूर जागा दिसते. दोन माणसे बसून गाडी गतिरोधकावरून गेली की शॉकअब्जॉर्बर दबतात आणि मडगार्डच्या आतल्या बोल्टची डोकी टायर खरवडू लागतात. म्हणून टायर बसवल्यावर दोन धट्ट्याकट्ट्या माणसांना सीटवर बसवून गाडी जोराने दाबून पाहावी. चेन नवी असताना चाक पुढे असते आणि ताणून ताणून मागे जाते, तेव्हा ही तपासणी चाक सर्वांत पुढे असताना करावी. चारही बाजूंनी करंगळी सहज फिरली पाहिजे.

कायद्याची बाजूही आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल करू देत नाही आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते काटेकोरपणे पाळण्यास सांगितले. अपघात झाला तर विमा कंपनी असे बदल पुढे करून वाद घालू शकते. गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल तर आणखी एक विचार करावा. २०२१मध्ये आलेल्या नियमांनुसार अशा गाडीची विंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, पण गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी लागते. दांडी कापली, चासीला वेल्डिंग केले, की आजोबांच्या गाडीचा हा मान धोक्यात येतो.

मग काहीच करू नये का? तसे नाही. मापात एक पायरी, म्हणजे ३.५०-१९, हा समजूतदार पर्याय आहे. नव्वदच्या दशकातल्या ५०० सीसी बुलेटला मागे हेच माप होते. चाक अर्ध्या इंचानेच वाढते, जुनी रिम त्याला पेलते आणि काही कापावे लागत नाही. तरीही आधी कंपनीचे माहितीपुस्तक आणि नोंदणीची कागदपत्रे पाहावीत. घेताना टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचावेत. ‘२३२४’ असेल तर तो २०२४च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. दुकानात वर्षानुवर्षे पडलेला टायर नवा दिसला तरी त्याचे रबर कडक झालेले असते. ट्यूब आणि रिमवरची पट्टी त्याच वेळी नवी घालावी, टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला आहे ना ते पाहावे आणि काढलेला जुना टायर चांगला असेल तर जपून ठेवावा.

नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, त्यामुळे पहिले शंभरएक किलोमीटर गाडी एकट्याने आणि बेताने चालवावी. त्यानंतर चेनचा ताण पाहावा, चाकाचा आऊट तपासून घ्यावा, स्पोकवर पान्याने टिचकी मारून कुठला ढिला वाजतो ते ऐकावे आणि मगच मागच्या सीटवर कुणाला बसवावे.