मार्केट यार्डांतील तूर आणि तिऱ्हाईत डॉलर

गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत, भुसार बाजारांत, अडत्या तुरीचा भाव सांगतो तो रुपयांत. परंतु तीच तूर ब्रह्मदेशांतून, म्हणजे आजच्या म्यानमारमधून, आलेली असेल, तर तिचा पहिला सौदा बहुधा डॉलरांत झालेला असतो. विकणारा अमेरिकन नाहीं, घेणाराही नाहीं. मग हा तिऱ्हाईत मध्येंच कां?

पुण्याच्या जुन्या सराफांस याचें उत्तर सहज देतां आलें असतें. पेशवाईंत अंकुशी, चांदवडी असे नाना प्रकारचे रुपये चालत आणि अदलाबदल करतांना बट्टा पडे. अशा गर्दींत जें नाणें बहुतेकांस चालतें, तेंच प्रत्येकजण मागतो. आणि प्रत्येकजण मागतो म्हणूनच तें अधिक चालतें. १८३५ सालीं कंपनी सरकारनें आपल्या मुलखासाठीं एकच रुपया ठरविला. राष्ट्राराष्ट्रांमध्यें मात्र असा हुकूम सोडणारी सत्ता नाहीं. तेथें एखाद्या बलाढ्य राष्ट्राचें चलनच ती जागा बळकावतें.

पूर्वीं तो मान पौंडाचा होता. १९२७ च्या कायद्यानें आपला रुपया १ शिलिंग ६ पेन्सांस जखडला गेला. पुढें १९४४ च्या जुलैंत ब्रेटन वुड्स येथें परिषद भरली. कोणत्याही एका राष्ट्राचें नसलेलें चलन असावें, ही केन्ससाहेबांची सूचना मागें पडली होती. ३५ डॉलरांस १ औंस सोनें या हिशेबानें डॉलर मध्यभागीं बसला. हिंदुस्थानच्या प्रतिनिधींत रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. सोन्याचा तो आधार १९७१ च्या ऑगस्टांत सुटला. डॉलरची चाल मात्र मोडली नाहीं.

याची झळ कोठें लागते? समजा, तुरीचा भाव टनास ८०० डॉलर आहे. डॉलर ८० रुपयांस असतां ही तूर ६४ हजारांस पडते. तो ९० वर गेला कीं ७२ हजारांस. पीक तेवढेंच, पोतें तेंच. वरचे ८ हजार हा नव्या काळचा बट्टाच म्हणावयाचा! गिऱ्हाईक मात्र दोष देतें दुकानदाराला.

यावर उपाय म्हणून जुलै २०२२ मध्यें रिझर्व्ह बँकेनें परदेशी व्यापाराचा हिशेब रुपयांत चुकता करण्याची वाट मोकळी केली. पण मे २०२३ मध्यें गोव्यांतील बैठकीच्या वेळीं रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह यांनीं निराळीच अडचण सांगितली: हिंदी बँकांत त्यांचे अब्जावधि रुपये सांठले होते, आणि ते वापरावयाचे कसे, हाच त्यांच्यापुढें प्रश्न होता. डॉलर हातीं आला असता, तर तो कोणत्याही तिसऱ्या पेठेंत खपला असता. रुपयाला ती पेठ अजून मिळावयाची आहे.