डिफरन्शियलचे ऑइल : मावळात हिशेब पावसाचा

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. बोरघाटाच्या जुन्या रस्त्यावरचे एखादे वळण गाडीचे तोंड पूर्ण उलट दिशेला करते. मागच्या दोन चाकांमधले अंतर 1.4 मीटर धरले, तर अशा एका वळणात बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे 4.4 मीटर जास्त धावते. वळण रुंद असो की अरुंद, हा फरक तेवढाच राहतो. दोन्ही चाके एकाच दांड्याला पक्की जोडलेली असती, तर तो फरक टायर घासूनच भरून निघाला असता. दोन्ही चाकांना ताकद द्यायची आणि तरीही त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू द्यायचे, हे काम मागच्या धुऱ्याच्या मधोमध बसवलेली गिअरची पेटी करते. तिचे नाव डिफरन्शियल. फ्रान्समधले घड्याळजी ओनेसिफोर पेक्यूर यांनी 1820 च्या दशकाच्या अखेरीस वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी ही रचना केली आणि मूळ कल्पना आजही तीच आहे.

ऑइल बदलायला बसण्याआधी गाडीत ही पेटी स्वतंत्र आहे की नाही, हे पाहावे लागते. स्विफ्ट, वॅगन-आर यांसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारींत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच कवचात असते आणि दोघांचे ऑइल एकच असते. तिथे या लेखातले काम उद्भवत नाही. बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो, ओम्नी, ईको या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत मात्र धुऱ्याच्या मध्यावर फुगीर हौसिंग दिसते आणि त्यात स्वतःचे वेगळे ऑइल असते. मावळात शाळेची मुले, दूध, भाजी आणि भाताची पोती वाहणारी बहुतेक वाहने याच जातीची आहेत. थार, जिप्सी अशा फोर-बाय-फोर गाड्यांना पुढेही एक डिफरन्शियल असते. ते विसरले तर काम अर्धेच झाले.

या पेटीतली मुख्य जोडी म्हणजे क्राउन आणि पिनियन. प्रोपेलर शाफ्टच्या टोकाला बसवलेला लहान पिनियन मोठ्या क्राउनला फिरवतो आणि ताकद काटकोनात वळून चाकांकडे जाते. 1920 च्या दशकापासून मोटारींमध्ये हायपॉइड पद्धतीचे गिअर येऊ लागले. त्यांत पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या थोडा खाली बसतो. त्यामुळे शाफ्ट खाली घेता आला आणि गिअरचा आवाजही कमी झाला. पण या रचनेत दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, दाबाखाली घसरतातही, आणि घसरताना मधला तेलाचा थर पुसून टाकतात. साधे ऑइल इथे टिकत नाही. म्हणून या ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगे मिसळलेली असतात. दात्यांच्या टोकाशी उष्णता वाढली की ती पोलादावर संरक्षक थर धरतात आणि धातूला धातू चिकटू देत नाहीत. डबा उघडल्यावर येणारा उग्र वास या गंधकाचाच.

खोपोलीहून लोणावळ्याला चढताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर उंची गाठते, तीही थोड्या अंतरात. भरलेली पिकअप खालच्या गिअरमध्ये चढत असताना पिनियनवर सपाट रस्त्याच्या कितीतरी पट ताण येतो. उतरताना इंजिनाच्या ब्रेकवर गाडी धरली की तोच ताण दात्यांच्या दुसऱ्या अंगावर पडतो. घाटात नेहमी ये-जा करणाऱ्या गाडीचे ऑइल त्यामुळे लवकर थकते. तरीही मावळातल्या डिफरन्शियलचा खरा वैरी घाट नाही. तो आहे पाऊस.

लोणावळ्यात वर्षाला सरासरी 4,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळातले कमी उंचीचे पूल जुलै-ऑगस्टमध्ये पाण्याखाली जातात. लोणावळ्याहून राजमाचीच्या उधेवाडीकडे जाणारी वाट ओढ्यांतूनच जाते. खाचरांच्या बांधालगतच्या रस्त्यांवर चिखलाचे पाणी धुऱ्यापर्यंत येते. अशा पाण्यात हौसिंग बुडते तेव्हा नेमके काय घडते, हे समजून घेण्यासारखे आहे. चालून आलेल्या गाडीचे डिफरन्शियल तापलेले असते आणि आतली हवा प्रसरण पावलेली असते. थंड पाणी लागताच ती हवा झटकन आकसते, आत पोकळी तयार होते आणि बाहेरचे पाणी मिळेल त्या फटीतून आत ओढले जाते. हवेला ये-जा करण्यासाठी हौसिंगच्या वर एक छोटी टोपी असते, तिला ब्रीदर म्हणतात. पाणी बहुधा तिथून किंवा जुन्या झालेल्या ऑइल सीलमधून शिरते. गाडी पाण्यात उभी राहिली असेल, बंद पडली असेल, तर ही शक्यता फारच वाढते.

आत गेलेले पाणी दिसत नाही आणि लगेच आवाजही करत नाही. धोका आहे तो यातच. गिअर ते ऑइलमध्ये घुसळतात, ऑइलची पकड जाते आणि गाडी दोन-चार दिवस उभी राहिली की बेअरिंगवर गंज धरतो. गंजाचे खड्डे पडलेले बेअरिंग नंतर कितीही चांगले ऑइल घातले तरी सुधारत नाही. पुढे ताशी पन्नास-साठच्या वेगाला मागून घोंघावल्यासारखा आवाज येऊ लागतो आणि प्रकरण क्राउन-पिनियनची जोडी बदलण्यापर्यंत जाते. काही लिटर ऑइलचा खर्च आणि धुरा उघडण्याचा खर्च यांची तुलनाच होऊ शकत नाही.

गाडीच्या पुस्तिकेत ऑइल बदलण्याचे अंतर किलोमीटरमध्ये दिलेले असते. ते गाडीगणिक बदलते आणि खडतर वापरासाठी बहुधा कमी असते. पुस्तिकेचे म्हणणे पाळावेच, पण मावळात ते पुरेसे नाही. धुरा बुडेल एवढ्या पाण्यातून गाडी गेली असेल, तर किलोमीटर किती झाले हा प्रश्नच उरत नाही. त्याच आठवड्यात ऑइल तपासावे. ज्यांना पावसाळाभर ओढे ओलांडावे लागतात, त्यांनी पाऊस ओसरल्यावर एकदा तरी भरण्याचा प्लग उघडावा. दसऱ्याला गाडी धुऊन तिची पूजा होतेच. त्याच सुट्टीत हे कामही उरकता येते.

ऑइल निवडताना अंदाज चालत नाही. गावोगावच्या दुकानांत ‘नव्वद नंबर’ मागितले की गिअर ऑइलचा डबा पुढे येतो, पण नव्वद हा केवळ दाटपणाचा आकडा आहे. त्याबरोबर दर्जाही पाहावा लागतो. हायपॉइड डिफरन्शियलला सहसा जीएल-5 दर्जाचे ऑइल लागते, उदाहरणार्थ 80डब्ल्यू-90 किंवा 75डब्ल्यू-90. गिअरबॉक्सला मात्र सहसा जीएल-4 दर्जाचे ऑइल वापरतात. जीएल-5 मध्ये दाब सोसणाऱ्या संयुगांचे प्रमाण त्याहून बरेच जास्त असते आणि ती संयुगे गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना बाधू शकतात. म्हणून एकच डबा आणून दोन्हीकडे ओतण्याचा मोह टाळावा. थारच्या काही प्रकारांत आपोआप लॉक होणारे डिफरन्शियल असते. त्यात क्लचच्या चकत्या असल्याने पुस्तिकेत सांगितलेलेच ऑइल घालणे गरजेचे आहे. प्रमाण गाडीनुसार साधारण एक ते तीन लिटर असते. हौसिंग पाहून बांधलेल्या अंदाजापेक्षा पुस्तिकेतला आकडा धरावा.

काम सुरू करण्याआधी गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून आणावी. ऑइल कोमट झाले की पातळ होते आणि तळाचा गाळ सोबत घेऊन बाहेर येते. त्यानंतर गाडी सपाट जागी उभी करावी. लोणावळ्यातल्या अनेक बंगल्यांचे आणि वाड्यांचे अंगण उताराचे असते, तिथे हे काम करू नये. उतारावर ऑइलची पातळी चुकते आणि गाडी सरकण्याचा धोकाही असतो. बोलेरोसारख्या उंच गाडीखाली जॅक न लावताही शिरता येते आणि तोच मार्ग उत्तम.

जॅक लावावाच लागला, तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. मागचे एकच चाक उचलले असेल, तर गाडी गिअरमध्ये ठेवल्याने ती थांबून राहत नाही. जमिनीवरचे चाक पुढे गेले की डिफरन्शियल उचललेल्या चाकाला उलटे फिरवून वाट मोकळी करते. हँडब्रेक मागच्याच चाकांवर असतो, त्यामुळे मागची दोन्ही चाके उचलली तर त्याचाही उपयोग नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी मोठे दगड किंवा लाकडी ठोकळे लावणे, धुऱ्याखाली भक्कम स्टँड देणे आणि पावसाने मऊ झालेल्या मुरमावर स्टँडखाली जाड फळी टाकणे याला पर्याय नाही. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये.

हौसिंगला दोन प्लग असतात. एक तळाशी, ऑइल काढण्यासाठी. दुसरा त्याहून वर, भरण्यासाठी. आधी भरण्याचाच प्लग सोडवावा. हा क्रम उलटा झाला आणि वरचा प्लग गंजून घट्ट बसलेला निघाला, तर गाडी रिकाम्या डिफरन्शियलसह अंगणात अडकून पडते आणि गॅरेजपर्यंत नेताही येत नाही. प्लगभोवतीचा चिखल आधी ब्रशने आणि कापडाने साफ करावा, नाहीतर तोच आत पडतो. पाना नेमक्या मापाचा घ्यावा. सैल पान्याने प्लगचे कोपरे झिजले की पुढचे काम वेल्डरचे होते.

वरचा प्लग निघाला की खाली पसरट भांडे ठेवून तळाचा प्लग काढावा. ऑइल सुरुवातीला जोरात उडते, म्हणून भांडे थोडे लांब धरावे आणि हातमोजे घालावेत. धार संपून थेंब पडू लागेपर्यंत थांबावे. घाईचे काम नाही हे.

बाहेर आलेले ऑइल लगेच बाजूला सारू नये. धुऱ्याच्या प्रकृतीची एवढी स्पष्ट खबर एरवी मिळत नाही. काळे किंवा गडद तपकिरी, पण पारदर्शक तकाकी असलेले ऑइल म्हणजे वापर झाला, बिघाड नाही. दूध घातलेल्या कॉफीसारखा रंग दिसला, तर पाणी शिरले आहे. कधी कधी आधी थोडे पाणीच वेगळे पडते आणि मग ऑइल येते, कारण उभ्या गाडीत पाणी तळाशी बसते. बहुतेक गाड्यांच्या तळाच्या प्लगला चुंबक असतो. त्यावर बारीक करडा लगदा जमलेला असणे स्वाभाविक आहे; तो गिअरच्या नेहमीच्या झिजेचा. बोटांत चुरडल्यावर त्यात नखाला टोचणारा तुकडा लागला, धातूची पापडी किंवा दात्याचा टवका मिळाला, तर ऑइल बदलून भागणार नाही. हौसिंग उघडणाऱ्या कारागिराकडे गाडी न्यावी.

पाणी निघाल्यास काही ठिकाणी डिझेल किंवा रॉकेल घालून आतून धुण्याची पद्धत आहे. ती टाळलेली बरी. हौसिंगच्या कोपऱ्यांत उरलेले डिझेल नवे ऑइल पातळ करते. त्याच दर्जाचे स्वस्त ऑइल भरावे, गाडी पंधरा-वीस किलोमीटर फिरवावी आणि ते काढून टाकावे. रंग पुन्हा दुधाळ आला तर हेच आणखी एकदा करावे. खर्च थोडा वाढतो, पण बेअरिंग वाचते.

चुंबक पुसून, प्लगचे वॉशर नवे घालून तळाचा प्लग बसवावा आणि पुस्तिकेत दिलेल्या ताकदीनेच आवळावा. पान्याला पाइप लावून जोर करणे नको, कारण आटे गेले की दुरुस्ती कठीण असते. भरण्यासाठी हातपंप उत्तम. तो नसेल तर नरसाळे आणि मीटर-दीड मीटर लांबीची पारदर्शक नळी पुरते. नळीचे एक टोक वरच्या भोकात घालून नरसाळे टायरच्या वर उंच धरावे. डिसेंबरच्या थंडीत ऑइल एवढे दाट होते की धार लवकर उतरत नाही. अशा वेळी डबा अर्धा तास गरम पाण्याच्या बादलीत ठेवावा. ऑइल भोकाच्या खालच्या काठापर्यंत येऊन बाहेर ओघळू लागले की पातळी भरली. ओघळ थांबू द्यावा, मगच प्लग लावावा. पातळीपेक्षा जास्त ऑइल कोंबले, तर ते तापून सीलमधून ब्रेकच्या लायनरवर उतरते आणि ब्रेक धरत नाही.

याच वेळी ब्रीदरची टोपी पाहून घ्यावी. ती बोटाने हलली पाहिजे आणि तिच्याखाली चिखल साचलेला नसावा. बुजलेला ब्रीदर आतला दाब सीलवर ढकलतो. काही फोर-बाय-फोर गाड्यांत ब्रीदरला नळी जोडून ती वर चॅसीपर्यंत नेलेली असते. ओढ्यांच्या वाटेने जाणाऱ्या कोणत्याही गाडीला अशी नळी जोडून घेणे फायद्याचे आहे.

काम झाल्यावर आठ-दहा किलोमीटर फेरी मारून दोन्ही प्लगभोवती ओल आहे का ते पाहावे आणि तारीख, किलोमीटरचा आकडा आणि निघालेल्या ऑइलचा रंग वहीत लिहून ठेवावा. वॉरंटीतल्या गाडीचे मात्र हे काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडेच असू द्यावे. घरी केलेल्या कामाची नोंद तिथे धरली जाईलच असे नाही.

उरतो तो भांड्यातल्या जुन्या ऑइलचा प्रश्न. केंद्र सरकारच्या 2016 च्या नियमांनुसार वापरलेले ऑइल हा घातक कचरा ठरतो. ते गटारात, उकिरड्यावर किंवा बांधावर ओतू नये. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासण्याची जुनी सवयही सोडावी. नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यात भरून, झाकण घट्ट लावून ते जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजच्या पिंपात द्यावे. तिथून ते पुनर्शुद्धीकरणाला जाऊ शकते. मावळातले बहुतेक नाले इंद्रायणीला किंवा पवनेला मिळतात. इंद्रायणी कुरवंड्याजवळ उगम पावून देहू-आळंदीकडे जाते, आणि पवना धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातूनच रावेतपर्यंत पोहोचते. तिथून ते उचलून पिंपरी-चिंचवडला पिण्यासाठी दिले जाते.