दोन टॅब, एक कुकी

सर्व्हर आपला पासवर्ड कोणत्या रूपात साठवतो, ते आज सांगणार होतो. तो विषय पुढच्या आठवड्यावर टाकतो. रामटेकात ऑनलाईन अर्ज भरून देण्याचं केंद्र चालवणाऱ्या एका वाचक ताईंचा फोन आला, आणि त्यांच्या प्रश्नानं चार दिवस मला दुसरं काही सुचू दिलं नाही.

प्रश्न त्यांच्याच शब्दांत देतो. “सर, कुकीचा लेख वाचला, समजला. पण मी तर दोघांचे अर्ज दोन टॅबमध्ये अलग अलग ठेवले होते न. मग याचा कागद त्याच्या अर्जात गेला काहून?”

घडलं ते असं. जूनमधली दाखल्यांची गर्दी. नगरधनचे एक शेतकरी मुलाच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला काढायला आले. अर्ज निम्मा भरून झाला आणि तलाठ्यांचा कागद घरीच राहिल्याचं त्यांच्या लक्षात आलं. ते गाडी काढून परत गेले. त्यांचा टॅब तसाच ठेवून ताईंनी दुसरा टॅब उघडला आणि मनसरच्या एका बाईंचा अर्ज घेतला. तासाभरानं शेतकरी कागद घेऊन आले. ताई पहिल्या टॅबवर गेल्या. पडद्यावर नाव शेतकऱ्यांचंच होतं. कागद स्कॅन केला, अपलोड केला, ‘जतन करा’ दाबलं. तो जाऊन बसला मनसरच्या बाईंच्या अर्जात.

ताईंच्या हातून काहीही चुकलेलं नव्हतं. हे मी त्यांना फोनवर सांगितलं आणि इथंही लिहून ठेवतो, कारण असा घोळ झाला की दोष काउंटरवर बसलेल्या माणसाच्या माथी येतो.

सर्व्हरच्या बाजूनं पाहू. ताईंनी सकाळी लॉगिन केलं तेव्हा सर्व्हरनं त्यांच्या नावाचा एक कप्पा, म्हणजे सेशन, उघडला आणि त्याचा क्रमांक कुकीत, म्हणजे ब्राउजर जपून ठेवतो त्या छोट्या नोंदीत, घालून ब्राउजरकडे दिला. इथवरचं गेल्या आठवड्यात झालं आहे. आता त्या कप्प्यात प्रोग्रॅमरनं काय ठेवलं? मला खात्री आहे की त्यात एक चिठ्ठी होती: ‘सध्या चालू अर्ज’. पहिल्या टॅबमध्ये शेतकऱ्यांचा अर्ज उघडला तेव्हा चिठ्ठीवर, समजा, 41 लिहिलं गेलं. दुसऱ्या टॅबमध्ये बाईंचा अर्ज उघडला, तेव्हा 41 खोडून 42 लिहिलं गेलं. तासाभरानं पहिल्या टॅबमधून कागद आला, तेव्हा सर्व्हरनं चिठ्ठी पाहिली आणि तो 42 ला जोडून टाकला. पहिल्या टॅबच्या पडद्यावर दिसत होतं ते शेतकऱ्यांचं नाव तासाभरापूर्वी रंगवलेलं होतं. मधल्या काळात सर्व्हरचं मत बदललं आहे, हे त्या पानाला कळायला काही वाटच नव्हती.

कुकीची बांधिलकी वेबसाईटशी असते. त्या साईटकडे विनंती निघाली की ब्राउजर कुकी सोबत देतो, मग ती कुठल्याही टॅबमधून निघालेली असो. विनंतीच्या मजकुरात ब्राउजर कोणता, भाषा कोणती, आधीचं पान कोणतं, असं बरंच काही जातं. टॅब कोणता, हे जात नाही. आपल्याला टॅब म्हणजे टेबलावर ठेवलेला वेगळा कागद वाटतो. सर्व्हरला टेबलच दिसत नाही. त्याला एकच माणूस दिसतो, जो आत्ता हे मागतो आणि लगेच ते मागतो.

हे असं का राहिलं, याला इतिहास आहे आणि तो मला फार आवडतो. लू मोंटुली यांनी नेटस्केपमध्ये कुकी आणली ते वर्ष 1994. त्या काळी बहुतेक लोक एका वेळी एक पान उघडत. टॅब घराघरांत पोचायला आणखी दशक लागलं: मोझिलाच्या 2002 च्या आवृत्तीत ते होते, फायरफॉक्स 2004 च्या नोव्हेंबरमध्ये आला, आणि बहुतेक सरकारी कचेऱ्यांत तेव्हा जो ब्राउजर असे त्या इंटरनेट एक्सप्लोररला टॅब मिळाले 2006 साली, सातव्या आवृत्तीत. म्हणजे एका माणसाला एक कुकी हा हिशेब आधी पक्का झाला, आणि एकाच माणसाचे दहा टॅब नंतर आले.

मधल्या काळात खिडक्या होत्या, आणि त्या वेळच्या ऑपरेटर लोकांकडे एक युक्ती होती. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये कंट्रोल-एन दाबून नवी खिडकी काढली, तर ती जुन्या खिडकीचीच तात्पुरती, म्हणजे ब्राउजर बंद होईपर्यंत टिकणारी, कुकी वापरायची. पण डेस्कटॉपवरच्या चिन्हावर पुन्हा दोनदा क्लिक केलं, तर संगणकाच्या लेखी दुसराच ब्राउजर सुरू व्हायचा आणि त्याच्या तात्पुरत्या कुकी वेगळ्या असायच्या. एका बाजूला एक लॉगिन, दुसऱ्या बाजूला दुसरं. अनेक कचेऱ्या या भरवशावर चालल्या. 2009 साली आठवी आवृत्ती आली आणि सगळ्या खिडक्यांचा सेशन एकच झाला. वेगळा हवा असेल तर मेनूत जाऊन ‘नवा सेशन’ मागायचा. जिथं काम सुरळीत चालत होतं तिथं अचानक एकाची माहिती दुसऱ्याच्या खात्यात दिसायला लागली, आणि लोकांना वाटलं व्हायरस आला.

ही चूक मीही केली आहे. टॅब नव्हते तेव्हाची गोष्ट. एका ग्रंथालयासाठी पुस्तकांच्या देवघेवीचा प्रोग्रॅम लिहिला होता आणि ‘चालू सभासद’ अशीच एक चिठ्ठी सेशनमध्ये ठेवली होती. काउंटरवर दोन खिडक्या उघड्या राहिल्या आणि एका वृद्ध सभासदांच्या नावावर त्यांनी न नेलेलं पुस्तक चढलं. दंडाची पावती निघाली. त्यांनी आवाज न चढवता विचारलं की मी हे पुस्तक कधी नेलं ते दाखवा. मी दाखवू शकलो नाही. आठवडाभर शोधूनही कारण सापडेना, कारण माझ्या संगणकावर मी नेहमी एकच खिडकी उघडून तपासत होतो. त्या दिवसापासून नवं काहीही लिहिलं की मी आधी दोन खिडक्या शेजारी-शेजारी लावतो.

मग टॅबला स्वतःची ओळख देता येते का? येते. वेबची प्रमाणकं लिहिणाऱ्या इयन हिक्सन यांनी हा प्रश्न विमानाच्या तिकिटांच्या उदाहरणानं मांडला होता: माणूस दोन खिडक्यांत दोन वेगळ्या विमानांची तिकिटं काढतो आहे, कुकी दोघांत सामायिक आहे, आणि नकळत एकाच विमानाची दोन तिकिटं निघतात. आपल्या ताईंचंच दुखणं ते. त्यावर ब्राउजरमध्ये ‘सेशनस्टोरेज’ नावाची सोय आली. गंमत अशी की इंटरनेट एक्सप्लोररच्या त्याच आठव्या आवृत्तीत तीही होती. हा प्रत्येक टॅबचा स्वतःचा खिसा. पान रिफ्रेश केलं तरी त्यातलं राहतं, टॅब बंद केला की जातं, आणि शेजारच्या टॅबला ते दिसत नाही. नावात सेशन आहे म्हणून सर्व्हरवरच्या सेशनशी गल्लत करू नका. हा खिसा ब्राउजरच्या अंगावर आहे आणि त्यातलं काहीही आपसूक सर्व्हरकडे जात नाही. प्रोग्रॅमरनं टॅब उघडताच त्यात एक यादृच्छिक क्रमांक टाकायचा आणि प्रत्येक विनंतीसोबत तो मुद्दाम पाठवायचा. मग सर्व्हर प्रत्येक क्रमांकासाठी वेगळी चिठ्ठी ठेवू शकतो.

यात एक मेख आहे, आणि तिच्यावर माझा एक अख्खा रविवार गेला. टॅबवर उजवं बटण दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा. नव्या टॅबला जुन्याच्या खिशाची हुबेहूब नक्कल मिळते. पुढं दोन्ही खिसे वेगळे होतात, पण जन्मतः आत तोच क्रमांक. एकाच आधार क्रमांकाची दोन माणसं! उपाय असा, की उघडताच टॅबनं हाळी द्यायची: हा क्रमांक आणखी कुणाकडे आहे का? एकाच साईटच्या टॅबना आपापसांत बोलण्यासाठी ‘ब्रॉडकास्ट चॅनल’ नावाची सोय ब्राउजरमध्ये आहे. फायरफॉक्समध्ये ती 2015 पासून आहे, क्रोममध्ये 2016 पासून; सफारीला मात्र 2022 उजाडलं. जुन्या टॅबकडून ‘आहे’ असं उत्तर आलं की नव्यानं आपला क्रमांक टाकून नवा घ्यायचा. रिफ्रेशच्या वेळी उत्तर द्यायला जुनं पान उरलेलंच नसतं, म्हणून तिथं क्रमांक तोच राहतो. हे जमल्याच्या रात्री मला झोप लागली नाही.

इतकं सगळं सांगून आता माझं खरं मत सांगतो. ताईंच्या अर्जासाठी यातलं काहीच लागत नव्हतं. टॅब कोणता, हे सर्व्हरला कळायची गरज नव्हती. अर्ज कोणता, एवढंच कळायला हवं होतं. पानाच्या पत्त्यातच अर्ज क्रमांक 41 असता आणि जतन करताना तोच क्रमांक सोबत गेला असता, तर ताईंनी वीस टॅब उघडले असते तरी कागद आपापल्या घरी पोचले असते. हा अर्ज हाताळायचा हक्क या केंद्राला आहे का, ते सर्व्हरनं कुकीवरून तपासावं. कुकीनं माणूस सांगावा, विनंतीनं काम सांगावं. ‘चालू अर्ज’ नावाची चिठ्ठी मुळात असूच नये.

इथं मला आपल्याच मातीतलं एक उदाहरण आठवतं. प्रभावतीगुप्ता या वाकाटक राणीचा रिद्धपूरचा ताम्रपट रामगिरिस्वामींच्या, म्हणजे रामगिरीच्या देवाच्या, पायांपाशी दिला गेला, असा उल्लेख त्यातच आहे. तो रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, असं वा. वि. मिराशींनी मांडलं; वाकाटकांचे लेख एकत्र करणारा त्यांचा ग्रंथ 1963 चा. या ताम्रपटांची रीत पाहा. एका दानाचे सगळे पत्रे भोक पाडून एकाच कडीत ओवायचे आणि कडीसोबत राजमुद्रा द्यायची. दान कोणतं, कुणाला, कोणत्या गावचं, हे पत्र्यांवरच कोरलेलं. पत्रा वाचणाऱ्याला राजवाड्यात जाऊन ‘सध्या कोणतं दान चालू आहे’ असं विचारावं लागत नव्हतं.

पत्त्यात क्रमांक घातला तरी एक प्रश्न राहतोच. एकच अर्ज दोन टॅबमध्ये उघडा असेल तर? एकात पत्ता दुरुस्त केला, दुसऱ्यात जुनाच पत्ता होता आणि तिथून शेवटी जतन झालं, तर दुरुस्ती पुसली जाते, तीही गुपचूप. त्यासाठी अर्जाला आवृत्तीचा आकडा द्यायचा. दुसरा टॅब तिसऱ्या आवृत्तीवर बसला आहे आणि सर्व्हरवर चौथी आहे, हे दिसताच सर्व्हरनं जतन करायला नकार द्यावा आणि काय बदललं ते दाखवावं. फार तर दहा ओळींचं काम आहे. ते टाळून पानाच्या माथ्यावर लाल अक्षरांत ‘एकापेक्षा जास्त टॅब उघडू नयेत’ असं लिहिलेलं मी ठिकठिकाणी पाहतो आणि मला वाईट वाटतं. ज्याच्या समोर सहा माणसं उभी आहेत, त्यातल्या एकाचा फोटो राहिला आहे, एकाचा ओटीपी यायचा आहे, त्यानं एकेक टॅब उघडून काम कसं करावं?

लॉगआउटचीही एक बाजू आहे. एका टॅबमध्ये बाहेर पडलात तरी दुसऱ्या टॅबच्या पडद्यावर आधीच्या माणसाचं नाव, उत्पन्न, बँक खातं तसंच दिसत राहतं. केंद्राच्या संगणकावर ते पुढच्या गिऱ्हाईकासमोर असतं. यासाठी ‘लोकलस्टोरेज’ हा सगळ्या टॅबचा सामायिक खिसा कामी येतो: एका टॅबनं त्यात नोंद बदलली की बाकीच्या टॅबना वर्दी जाते, बदलणाऱ्याला स्वतःला जात नाही. वर्दी मिळताच त्यांनी पडदा कोरा करावा. आणि दोन टॅबमध्ये दोन वेगळी लॉगिन केली, तर नंतरची कुकी आधीच्या कुकीवर बसते. म्हणून प्रत्येक पानानं आपण कुणासाठी रंगवलं गेलो ते सोबत पाठवावं. सर्व्हरला कुकीत दुसराच माणूस दिसला तर त्यानं थांबावं.

ताईंना साईट बदलता येणार नाही, म्हणून त्यांच्या हातातलं तेवढं सांगितलं. क्रोममध्ये दोन प्रोफाइल करा. प्रत्येकाच्या कुकी वेगळ्या. इन्कॉग्निटो एक खिडकी उघडली तर तीही वेगळी, पण दुसरी इन्कॉग्निटो खिडकी पहिलीच्याच कुकी वापरते, तिथं फसू नका. फायरफॉक्सला ‘मल्टी-अकाउंट कंटेनर्स’ नावाची जोड मिळते, त्यात निळा टॅब आणि पिवळा टॅब यांच्या कुकी एकमेकींना भेटत नाहीत. आणि दुसऱ्या टॅबवरून परत आलात की काही भरण्याआधी पान एकदा रिफ्रेश करून नाव तेच राहतं का ते पाहा. मात्र आधी भरलेला मजकूर टॅब सोडतानाच जतन झालेला हवा, नाहीतर रिफ्रेशमध्ये तो जाईल.

परवा त्यांचा पुन्हा फोन आला. दोन प्रोफाइल झाली आहेत, एकाला हिरवा रंग, एकाला केशरी. मनसरच्या बाईंच्या अर्जातून चुकीचा कागद काढून घेतला, शेतकऱ्यांचा दाखलाही मिळाला. आता त्यांचा नवा प्रश्न आहे: मधेच लाईट गेली, संगणक पुन्हा चालू केला आणि ब्राउजरनं जुने टॅब आपणहून परत उघडले, तर त्यांचा तो खिसा शाबूत असतो का? बहुतेक ब्राउजर तो टॅबसोबत परत आणतात. पण तोवर सर्व्हरनं आपला कप्पा बंद केलेला असू शकतो, आणि मग टॅबला आठवतं ते सर्व्हरला आठवत नाही. पासवर्ड झाला की तेच घेऊ.