सहाशे घोडे आणि समृद्धीचा रस्ता

दुसरबीडजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. सपाटीवर हा वेग टिकवायला तीसेक अश्वशक्ती पुरते. ६०० अश्वशक्तीच्या स्पोर्ट्‌स कारची बाकीची ताकद उरते ती झटक्यात वेग घेण्यापुरती, आणि तिथेही हुकूम टायरांचा चालतो. पकड सुटली की जादा ताकद चाके नुसती जागीच गरगरवते. अशा गाडीचे ब्रेकही दणकट असतात, हे मान्य. पण वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावरचे अंतर चौपट होते. कोरड्या डांबरावर १२० ला सुमारे ७० मीटर, तर २४० ला २८०. त्याआधी पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात २४० च्या वेगाने गाडी ६७ मीटर पुढे गेलेली असते, आणि तो सेकंद कोणतीही कंपनी कमी करून देत नाही. महामार्ग सोडून गावाकडे वळल्यावर मात्र अश्वशक्तीचा प्रश्नच मिटतो. पहिल्याच गतिरोधकाला गाडीचे पोट घासते.